एसी घेताय? टन ठरवण्याआधी या चुका टाळा

एसी चालू असूनही खोली गार होत नाही. गार झालीच तर अंग चिकट राहतं. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो आणि भर दुपारी मशीन बंद पडतं. अशा तक्रारींमध्ये मशीन बहुतेक वेळा ठीकच असतं. चूक टन ठरवताना, जागा निवडताना किंवा पाइप जोडताना झालेली असते आणि खापर मात्र कंपनीवर फुटतं.

नुसत्या चौरस फुटांवरून टन ठरवणं

एक टन क्षमता म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता खोलीबाहेर फेकण्याची ताकद. म्हणून खोली किती मोठी हे विचारून भागत नाही, तिच्यात उष्णता किती येते तेही बघावं लागतं.

१५० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे १४ चौरस मीटरच्या दोन खोल्या घ्या. एक मधल्या मजल्यावर आहे आणि तिची खिडकी उत्तरेला आहे. दुसरी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे आणि तिला पश्चिमेला दोन चौरस मीटर साधी काच आहे. दुपारचं थेट ऊन अशा काचेतून दर चौरस मीटरला ५०० ते ६०० वॅट आत सोडतं, म्हणजे एकट्या खिडकीतून एक किलोवॅटच्या वर. तापलेला, इन्सुलेशन नसलेला काँक्रीटचा स्लॅब आणखी ६०० ते ९०० वॅट देतो. आकार तोच, पण गरजेत जवळपास अर्ध्या टनाचा फरक पडला. याशिवाय बसलेल्या दर माणसामागे साधारण ११५ वॅट धरा. संगणक, टीव्ही, दिवे जेवढी वीज खातात तेवढीच उष्णता खोलीत सोडतात, तीही मिळवा.

अशा खोलीला मोठा एसी लावण्याआधी काचेवर बाहेरून सावली करा आणि गच्चीवर परावर्तक लेप द्या. आतला पडदा फारसा उपयोगी नाही, कारण ऊन काचेतून आत आल्यावर त्यातली बरीच उष्णता खोलीतच राहते.

“थोडा मोठाच घेऊ” हा विचार

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि ती कळायला वेळ लागतो. एसीला हवा गार करण्याइतकंच तिच्यातलं बाष्प काढण्याचंही काम असतं. कॉइल (आतल्या युनिटमधली गार होणाऱ्या नळ्यांची जाळी) पुरेशी गार होऊन तिच्यावरून पाणी ओघळू लागेपर्यंत काही मिनिटं जातात. गरजेपेक्षा मोठं मशीन तेवढ्या वेळात तापमान गाठून कॉम्प्रेसर बंद करतं. पंखा फिरत राहिला, तर कॉइलवरचं पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत परत येतं. काटा २४ दाखवतो, पण चादर दमट लागते. मग माणूस २० वर आणतो आणि बिल वाढतं.

“इन्व्हर्टर आहे, तो जुळवून घेईल” हे अर्धंच खरं. इन्व्हर्टर एसी गरजेनुसार कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करतो, पण त्यालाही एक किमान वेग असतो. दोन टनांचं मशीन ३० टक्क्यांच्या खाली उतरत नसेल, तर त्याचं किमान उत्पादन २.१ किलोवॅट झालं. रात्री खोलीची गरज एक किलोवॅट असेल, तर तेही साध्या एसीसारखं चालू-बंद होत राहणार. तांत्रिक पत्रकात क्षमता किमान ते कमाल अशी दिलेली असते. त्यातला किमान आकडा विक्रेत्याकडून मागून घ्या. रंगीत जाहिरातपत्रकात तो सहसा नसतो.

दुसऱ्या टोकालाही सांभाळा. एसीची छापील क्षमता साधारणपणे बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेरचं तापमान वाढलं की क्षमता घटते आणि वीज जास्त लागते. जिथे पारा ४५ च्या आसपास जातो, तिथे ४६ अंशांच्या चाचणीतले आकडे पाहूनच निवड करा.

बाहेरच्या युनिटची कोंडी

इमारतीतला अरुंद डक्ट (उभी पोकळी), जाळीबंद बाल्कनी, एकावर एक टांगलेली युनिटं: अशा जागी फेकलेली गरम हवा पुन्हा मागच्या बाजूने आत ओढली जाते. रात्री एसी छान चालतो आणि दुपारी बंद पडतो, तेव्हा आधी हेच तपासा. युनिटच्या मागे आत शिरणाऱ्या हवेचं तापमान मोजा, मग जवळच मोकळ्या सावलीतलं मोजा. पहिलं चार-पाच अंशांनी जास्त निघालं, तर जागा चुकली आहे. गॅस भरून ते सुटणार नाही. मागे आणि पुढे किती मोकळी जागा हवी ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. पुढची बाजू तर शक्य तितकी उघडीच ठेवा.

आतल्या युनिटलाही श्वास लागतो. ते वरून हवा घेतं, त्यामुळे छतापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. शोभेसाठी लाकडी खोक्यात बसवलं, तर गार हवा तिथेच फिरते, सेन्सरला खोली गार झाल्यासारखी वाटते आणि माणसं घामाघूम बसतात.

जोडणीतली घाई

नव्या पाइपमधली हवा थोडा गॅस सोडून बाहेर ढकलणं ही वाईट सवय आहे. आत राहिलेली ओल ऑइलशी मिसळून आम्ल तयार करते आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य खाते. आर-३२ हा एसीतला गॅस तर सौम्य ज्वलनशीलही आहे. योग्य क्रम असा: नायट्रोजनच्या दाबाने गळती तपासणं, मग व्हॅक्यूम पंपाने पाइपमधला दाब ५०० मायक्रॉनच्या (निर्वात मोजण्याचं एकक) खाली नेणं, पंप बंद करून आकडा टिकतो का ते बघणं आणि त्यानंतरच व्हॉल्व्ह उघडणं. पाइप ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल, तर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे दर मीटरला इतके ग्रॅम असा गॅस वजनकाट्यावर मोजून घाला.

गॅस बंद चक्रात फिरतो, तो खर्च होत नाही. दरवर्षी भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे, बहुधा फ्लेअर नटपाशी (पाइप युनिटला जोडणाऱ्या नटपाशी) किंवा आतल्या कॉइलमध्ये. ती शोधल्याशिवाय पुन्हा भरू देऊ नका.

तंत्रज्ञ बोलावण्याआधी

एसी पूर्ण क्षमतेवर १५ मिनिटं चालवा. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानात साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा. फरक ठीक असूनही खोली तापलेली असेल, तर भार जास्त आहे किंवा मशीन लहान आहे. फरक कमी असेल, तर आधी फिल्टर आणि कॉइल पाहा. कॉइलवर बर्फ दिसला की लोक गॅस कमी आहे असं धरून चालतात. हवा अडल्यानेही तसाच बर्फ जमतो, म्हणून फिल्टर धुऊन बर्फ पूर्ण वितळू द्या आणि मगच निष्कर्ष काढा. आतून पाणी गळत असेल, तर ड्रेन पाइपला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार आहे का आणि तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालंय का ते बघा. बुडालेलं टोक हवा कोंडतं आणि पाणी उलटं तुंबतं.

व्यवसायाच्या जागेत

स्प्लिट आणि कॅसेट (छतात बसवायचे) एसी आतलीच हवा फिरवतात. वीस माणसांच्या बैठकीच्या खोलीत गारवा असतो, पण तासाभरात डोकं जड होतं, कारण ताजी हवा येतच नाही. माणशी सेकंदाला ८ लिटर ताजी हवा धरली, तर १६० लिटर झाले. बाहेर उष्ण आणि दमट असेल, तर एवढी हवा गार करायलाच एक टनाच्या वर क्षमता लागू शकते. हा भार बऱ्याच कोटेशनमध्ये धरलेलाच नसतो.

सर्व्हरच्या खोलीत हिशेब सोपा आहे. यूपीएसवर ३ किलोवॅटचा भार दिसत असेल, तर उष्णताही ३ किलोवॅटच. पण ती सगळी कोरडी असते आणि साध्या एसीच्या छापील क्षमतेत बाष्प काढण्याचा वाटाही धरलेला असतो. म्हणून “३ किलोवॅट म्हणजे एक टन पुरे” असं म्हणून भागत नाही. थोडी जास्त क्षमता घ्या. तिथे दोन युनिटं लावा आणि प्रत्येकाला एकट्याने पूर्ण भार पेलता आला पाहिजे. दुकानात किंवा कार्यालयातही एका मोठ्या युनिटपेक्षा दोन मध्यम युनिटं बरी. एक बिघडलं तरी काम बंद पडत नाही, आणि गर्दी नसताना एकावरच भागतं.

वाय-फाय, सुगंध, आयन वगैरेंवर वेळ घालवू नका. जागा समुद्राजवळ असेल, तर कॉइलवर गंजरोधक लेप आहे का हे मात्र आवर्जून विचारा. बसवून झाल्यावर पाइपची लांबी, वाढवलेल्या गॅसचे ग्रॅम, व्हॅक्यूमचा आकडा आणि पहिल्या दिवशीचा तापमानातला फरक बिलाच्या मागे लिहून घ्या. पुढची दुरुस्ती या चार आकड्यांवरून खूप लवकर होते.