केसपेपरवर ‘व्यवसाय : मजुरी’ लिहिता? कारखाना-आरोग्याचं प्रशिक्षण घेणाऱ्यांनी या चुका टाळा

सोलापुरात कारखान्यांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांचं आणि सिनिअर सिस्टरचं कायद्याचं प्रशिक्षण बहुतेक वेळा एकाच साच्यातलं असतं. सकाळी कारखाना कायदा, जेवणाआधी कामगार विमा, जेवणानंतर नुकसानभरपाई आणि डुलक्या. संध्याकाळी प्रमाणपत्र हातात पडतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात खोकत खोकत यंत्रमाग कामगार येतो आणि केसपेपरवर आधीसारखंच लिहिलं जातं, ‘व्यवसाय : मजुरी’. कलमं पाठ होतात, पण ती जिथून लागू व्हायला सुरुवात होते ती ओळ कोरीच राहते. पुढच्या बऱ्याच चुका इथूनच निघतात.

कामाचं नाव विचारलं, काम विचारलंच नाही

‘टॉवेल कारखान्यात आहे’ एवढ्यावर थांबू नका. एकाच पत्र्याखाली वार्पिंग (ताणा तयार करणं) असतं, सायझिंग (सुताला खळ लावणं) असतं, माग असतात, कांडी भरणाऱ्या बायका असतात, मागच्या बाजूला डाईंग (रंगाई) आणि पुढे कटिंग-शिलाई. मागावरच्या माणसाला आवाज आणि सुताची भुकटी. सायझिंगवाल्याला वाफ, उष्मा आणि खळीची धूळ. डाईंगमध्ये रिॲक्टिव्ह रंगाची पावडर हाताने मोजणाऱ्याला दमा होऊ शकतो, कॉस्टिक आणि पेरॉक्साइड हाताळणाऱ्याला भाजू शकतं. शिलाईवालीची मान धरते. पाचही जण ‘टॉवेल कारखान्यात’च असतात.

विचारायचं ते असं: हाताने नेमकं काय करता? किती वर्षं? त्याआधी कुठल्या खात्यात होता? सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? शेजारच्या मागावरच्यालाही असंच होतं का? आणि एक प्रश्न सोलापुरात विसरून चालणारच नाही, तो म्हणजे घरी कोण काय काम करतं. दिवसभर मागावर उभा असलेला माणूस रात्री ज्या खोलीत झोपतो, त्याच खोलीत बायको आणि आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असतात. तंबाखूची धूळ पोरांच्या अंथरुणापर्यंत पोचलेली असते. केसपेपरवर ‘गृहिणी’ असलेल्या बाईचं डोकेदुखी-मळमळीचं कारण त्या सुपातच सापडायची शक्यता असते. विडी कामगार बहुतेक करून बायका, काम घरी, कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असेलच असं नाही. म्हणून ‘हा व्यवसायजन्य आजार नाही’ असं ठरवणं ही साधी वैद्यकीय चूक आहे. कुठला कायदा लागू होतो हा नंतरचा प्रश्न.

हे सगळं तेलुगूत किंवा कानडीत विचारता येणारी एक सिस्टर सोबत असली, तर दहा छापील फॉर्मपेक्षा जास्त कळतं.

छातीचा फोटो साफ, म्हणून माणूस ठीक

कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये एक्स-रेवर खास काही दिसत नाही. फोटो साफ आला म्हणून ‘फिट’ लिहिणारे डॉक्टर भरपूर. क्षयरोग आधी तपासायला हवा यात वाद नाही, पण थुंकी निगेटिव्ह आली की चौकशी तिथेच संपते, ही खरी अडचण.

या आजाराची खूण रोग्याच्या बोलण्यात असते. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती आवळते, दोनतीन दिवसांत सैल पडते. पुस्तकात याला सोमवारचा त्रास म्हणतात. मात्र आपल्याकडे सुट्टीचा वार कारखान्यागणिक वेगळा असू शकतो. ‘सोमवारी त्रास होतो का?’ या प्रश्नाला तो खरेपणाने ‘नाही’ म्हणेल. त्याची सुट्टी कधी ते आधी विचारा.

तपासणीही त्याच हिशेबाने लावा. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी शिफ्टच्या आधी एकदा आणि शिफ्ट संपल्यावर एकदा फुंकणीत (फुप्फुसाची ताकद मोजणाऱ्या स्पायरोमीटरमध्ये) फुंकायला लावा. अमेरिकेच्या कापूसधूळ नियमात फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा शिफ्टमध्ये ५ टक्के किंवा २०० मिलिलिटर घटली, तर वर्षाऐवजी सहा महिन्यांनी तपासणी करायला सांगितलं आहे. हा निकष आपल्याला बंधनकारक नसला, तरी कामाला येतो.

विणकामापेक्षा ही धूळ कार्डिंग (कापूस पिंजणं) आणि सूतकताईत जास्त. सोलापूरच्या मोठ्या गिरण्या बंद पडून जमाना झाला, पण तिथे कार्डिंगला राबलेले म्हातारे अजून ओपीडीत येतात. त्यांना ‘वयामुळे दम लागतो’ म्हणून इनहेलर देऊन पाठवू नका. कायद्यात ‘काम करतो किंवा करत होता’ असे दोन्ही शब्द आहेत.

‘कळवायचं काम मॅनेजरचं’

प्रशिक्षणात सर्वात जास्त गैरसमज याच मुद्द्यावर. कारखाना कायदा १९४८ च्या कलम ८९ मध्ये दोन वेगळ्या जबाबदाऱ्या होत्या. सूचना देण्याचं एक काम कारखान्याच्या व्यवस्थापकाचं, आणि वेगळा लेखी अहवाल मुख्य कारखाना निरीक्षकाकडे विनाविलंब पाठवण्याचं काम रोग्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरचं. अहवालात रोग्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, कोणता आजार वाटतो, आणि तो सध्या किंवा शेवटी ज्या कारखान्यात होता त्याचं नाव-पत्ता. एवढंच. तिसऱ्या परिशिष्टातल्या २९ आजारांत बिसिनोसिस आहे, सिलिकोसिस आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे, त्वचेचा संपर्कजन्य दाहही आहे.

‘पक्कं निदान झाल्यावर पाठवू’ असं म्हणत कागद टेबलावर पडून राहतो. कायद्याला पक्कं निदान लागत नाही. डॉक्टरला तसं वाटलं तरी पुरे. पडताळणीचं काम प्रमाणन शल्यचिकित्सकाचं, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सरकारी डॉक्टरचं. न कळवल्यास हजार रुपयांपर्यंत दंड होता, आणि अहवाल खरा ठरला तर डॉक्टरला फी मिळण्याची, ती कारखानदाराकडून वसूल करण्याची तरतूदसुद्धा त्याच कलमात होती. दंड सगळ्यांना ऐकून माहीत असतो, फीचं कुणालाच माहीत नसतं.

रोगी हात जोडून म्हणतो, ‘डॉक्टर, लिहू नका, नोकरी जाईल.’ ही भीती खोटी नाही आणि ती उडवून लावू नये. पण अहवाल जातो निरीक्षकाकडे, मालकाकडे नाही, हे त्याला नीट समजावून सांगा. आजाराची नोंदच नसेल तर पुढे भरपाई मागताना त्याच्या हातात काय उरतं, हेही सांगा.

दरवाज्यात बोट सापडलं

ही चूक जरा थांबून बघू, कारण हिच्यात नुकसान थेट पैशात मोजता येतं. मागावर कामगाराच्या बोटाचं टोक जातं. मुकादम किंवा जॉबर त्याला ओळखीच्या दवाखान्यात आणतो आणि स्वतःच सांगून टाकतो, ‘घरी दरवाज्यात सापडलं.’ कामगार मान खाली घालून बसलेला. डॉक्टर टाके घालतो आणि जे ऐकलं ते लिहितो. इथे डॉक्टर खोटं बोललेला नाही, पण एका खोट्याला त्याने कागद मिळवून दिला.

आता हिशेब बघा. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ च्या पहिल्या परिशिष्टात तर्जनी पूर्ण गेली तर मिळकतक्षमतेचं नुकसान १४ टक्के धरलं होतं. दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९, आणि हाड न जाता नुसतं टोक कापलं गेलं तर ५. म्हणजे केसपेपरवर ‘बोटाचं टोक कापलं’ लिहिणं आणि ‘उजव्या तर्जनीचं शेवटचं पेर हाडासकट गेलं’ लिहिणं यात दुप्पट टक्क्यांच्या जवळपास फरक आहे. एक्स-रे काढा, कुठला हात, कुठलं बोट, कुठपर्यंत, हाड गेलं की नाही, हे चार शब्द टाका.

आणि मुकादमाला दोन मिनिटं बाहेर बसवा. कामगाराला एकट्याला विचारा, कसं झालं? तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, वेळेसह लिहा. सोबत्याने वेगळं सांगितलं असेल तर तेही वेगळं लिहा. ४८ तास किंवा जास्त काळ कामावर येता आलं नाही तर तो अपघात कारखान्याने कळवायचा असतो, त्यामुळे विश्रांती किती दिवसांची लिहिता यालाही वजन आहे. ‘एक दिवस विश्रांती, नंतर हलकं काम’ असं कुणाच्या सांगण्यावरून लिहू नका.

कामगार विम्याचं (ईएसआय) कार्ड आहे का हे पहिल्याच भेटीत विचारायला हवं. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना विमा लागू, ही मर्यादा २०१७ पासूनची. खासगीत पदरचे पैसे खर्च करून झाल्यावर ‘माझं कार्ड होतं’ म्हणणारे कमी नाहीत.

शिबिरात दोनशे ‘फिट’

घातक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामाला घेण्याआधी, आणि नंतर दर १२ महिन्यांच्या आत वैद्यकीय तपासणी, अशी तरतूद कलम ४१-सी मध्ये होती. ती पुरी करायला शिबिर लागतं. सकाळी दहा ते एक, दोनशे कामगार, एक डॉक्टर. सर्वांचा रक्तदाब १२०/८०. असा कागद निरीक्षकाच्या एका नजरेत उघडा पडतो.

त्याहून घातक सवय म्हणजे डॉक्टरने आधीच सह्या करून ठेवलेले फॉर्म. अनुभवी सिस्टर इतिहास घेऊ शकते, फुंकणी घेऊ शकते, ऐकण्याची चाचणी करू शकते, आणि हे सगळं ती अनेक डॉक्टरांपेक्षा चांगलं करते. पण ‘फिट’चा निर्णय डॉक्टरचा, सही त्याची, आणि त्या दिवशी तो माणूस त्याने पाहिलेला असला पाहिजे. कोरा सहीचा फॉर्म सिस्टरने हातात घेऊच नये. कुठे घातक प्रक्रिया असेल तर कारखान्याच्या डॉक्टरकडे औद्योगिक आरोग्याचं तीन महिन्यांचं शिक्षण आहे का, हेही बघा. एका दिवसाच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र त्याजागी चालत नाही.

उत्तर ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ एवढंच असतं हाही समज सोडा. ‘रंग मोजण्याचं काम नको, बाकी चालेल’ किंवा ‘महिनाभर आवाजाच्या खात्यापासून दूर’ असं लिहिता येतं. कामगाराची रोजी टिकते आणि त्रासही टळतो.

यंत्र चांगलं, चाचणी वाया

ऐकण्याची पहिली चाचणी मोठ्या आवाजापासून किमान १४ तास दूर राहिल्यावर करायची. रात्रपाळी संपवून आलेल्याला सकाळी आठला हेडफोन लावला तर तात्पुरता बहिरेपणाच कायमचा म्हणून नोंदला जाईल. मागांच्या भिंतीला लागून असलेल्या ऑफिसात चाचणी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलाय का ते बघा. बोलणं ऐकू येतंय एवढ्यावर समाधान मानू नका, बोलणं शेवटी जातं.

फुंकणीचं तेच. रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने यंत्र तपासा. नीट मारलेल्या तीन फुंकी हव्यात आणि सर्वात चांगल्या दोन फुंकींत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. ‘अजून, अजून, अजून’ असं ओरडायला लाजणाऱ्याने हे काम दुसऱ्याला द्यावं.

मास्क दिला, विषय संपला

मास्क आणि कानातले बोळे हा शेवटचा उपाय. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, पत्र्याखाली, आठ तास तोंडाला मास्क लावून माग चालवा म्हणणाऱ्याने आधी तासभर लावून बघावा. धूळ जागेवर ओढून घेणं, रंग पावडरऐवजी द्रव रूपात घेणं, मागाची वेळच्या वेळी देखभाल करणं, हे शिफारशीत आधी लिहा.

साखर कारखान्यांकडे जाणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा. बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) धुळीचा फुप्फुसाचा आजार आहेच, पण जीव पटकन जातो तो मळीच्या किंवा सांडपाण्याच्या टाकीत. एक उतरतो, कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही. प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात ‘श्वसनसाधन आणि दोर असल्याशिवाय टाकीत उतरायचं नाही, सिस्टरनेही नाही’ हे वाक्य सगळ्यांकडून वदवून घ्या.

एचआरला सगळी फाईल

कारखान्याला कळायला हवं ते कामाबद्दल: हा माणूस हे काम करू शकतो का, कोणती बंधनं. त्याची साखर, त्याचं मानसिक औषध, तिची पाळी चुकली का, हे एचआरच्या कपाटात जायचं कारण नाही. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. तपासण्यांच्या पॅकेजमध्ये ती गुपचूप घातलेली दिसली तर खोडून टाका.

स्लाइड जुनीच

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कारखाना कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत गेला, विडी-सिगार कामगारांचा १९६६ चा कायदाही तिच्यातच. नुकसानभरपाई आणि राज्य कामगार विमा सामाजिक सुरक्षा संहितेत. वर दिलेले कलमांचे आकडे जुन्या कायद्याचे आहेत. डॉक्टरने आजार कळवायची जबाबदारी नव्या संहितेतही कायम आहे, ती कलम १२ मध्ये. निरीक्षकाचं नाव आता निरीक्षक-नि-सुलभकर्ता. जुने नियम नव्याशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात, म्हणून दोन्ही हाताशी ठेवावे लागतील.

विजेवर चालणारा कारखाना म्हणजे किमान २० कामगार, विजेविना असेल तर ४०, ही मर्यादा महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीपासूनच होती, त्यामुळे गल्लीतल्या आठ-दहा मागांच्या शेडला इथे नवं काही वाटणार नाही. प्रशिक्षणाला बसलात आणि पडद्यावर फक्त १९४८ दिसलं, तर चहाच्या सुट्टीपर्यंत थांबू नका, तिथेच विचारा: संहितेखालचे राज्याचे नियम आत्ता कोणत्या टप्प्यावर आहेत, वार्षिक मोफत तपासणी कोणत्या वयाला आणि कोणत्या कामाला, आणि आजाराचा अहवाल कोणत्या नमुन्यात, कोणत्या कार्यालयाकडे. सोलापूरसाठीचा पत्ता तिथेच वहीत उतरवून घ्या आणि परत आल्यावर ओपीडीच्या टेबलावर काचेखाली ठेवा.