फोटोवरून दाढ ठरवण्याआधी: नव्या डेंटिस्टांसाठी

नवं क्लिनिक उघडलंत की फोन येणारच. "मॅडम, फोटो टाकलाय, बघून सांगा ना." ऐरोलीत नाईट शिफ्ट करणारा मुलगा किंवा घोडबंदर रोडला राहणारी आई पाच मिनिटांच्या सल्ल्यासाठी ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवत नाही. आम्हाला कॉलेजात हे कोणी शिकवलं नाही. म्हणून काहीजण घाबरून सरळ नकार देतात, काही सरसकट अँटिबायोटिक लिहून मोकळे होतात. या दुसऱ्या गटाचा मला राग येतो. दुखणं दबतं, कीड तशीच राहते.

मी अडकले ते वेगळ्याच ठिकाणी. कोपरखैरण्याच्या एका ताईंनी सेल्फी कॅमेऱ्याने फोटो पाठवला. खालची दाढ किडलेली, फोटोत माझ्या उजव्या हाताला. समोरच्या पेशंटची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, म्हणून मी ३६ लिहिलं, म्हणजे डावी खालची पहिली मोठी दाढ. पण त्यांच्या फोनने आरशातल्यासारखा उलटा फोटो सेव्ह केला होता. काही मोबाइल असं करतात, काही नाही. बघून कळत नाही. दाढ ४६ होती, म्हणजे तीच, पण उजवीकडची. "डावीकडे ना?" मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणतात म्हणून त्या हो म्हणाल्या. ३६ मध्येही जुनं फिलिंग होतं. इंजेक्शन भरून तयार होतं. रूट कॅनलला आलेल्या सरांनी "बोट ठेवून दाखवा" म्हटलं, आणि ताईंनी उजव्या गालावर बोट ठेवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. गुरू करायचाच तर सुई टोचण्याआधी विचारणारा करा.

तेव्हापासून फोटो मागच्या कॅमेऱ्याने, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी काढलेलाच मागते. चमच्याने गाल बाजूला, दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च. मग विचारते, "कोणत्या हाताने जेवता? दाढ त्याच बाजूची?" केस पेपरवर आकड्यासोबत 'उजवी खालची' असं अक्षरांतही लिहिते.

२५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) मार्गदर्शक तत्त्वं तेव्हाच्या १९५६ च्या मेडिकल कौन्सिल कायद्याखाली नोंदलेल्या डॉक्टरांसाठी लिहिली होती; आपली नोंदणी डेंटिस्टांच्या वेगळ्या कायद्याखाली. तरी संमती, नोंद आणि शंका आली की समोर बोलावणं, हे तिथून जरूर उचला. फोनवरून दातावर ठोकून बघता येत नाही, एक्स-रे निघत नाही. वरच्या दाढेची कळ खालीही जाणवते. जबड्याखाली सूज, गिळता येत नाही, जीभ वर उचललेली वाटते, असं ऐकलंत तर व्हिडिओ मागत बसू नका. त्याच मिनिटाला हॉस्पिटलला पाठवा.

एवढं वाचून बिचकू नका. फॉलोअपला फोनसारखं साधन नाही. ब्रेसेसच्या टोचणाऱ्या तारेवर मेण कसं लावायचं, टाक्यांपाशी काय दिसतंय, हे छान जमतं. दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी आपणहून फोन करा. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढून कानाकडे जात असेल तर ड्राय सॉकेट असू शकतं, म्हणजे खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलेलं. त्याच दिवशी बोलावून घ्या.