जुन्या गाडीचं वायरिंग: मीटर बारा व्होल्ट दाखवतो आणि दिवा मिणमिणतो

फ्यूज कसा तपासायचा, रिले काय करतो, बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी का सोडायची, एवढं तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. सर्किट डायग्राम बघून डोळे फिरत असतील तर लाजायचं कारण नाही, माझे आजही फिरतात. फक्त पूर्ण पान एकदम वाचायला जाऊ नका. जे उपकरण चालत नाही ते एकच धरा आणि त्याचा फ्यूज, स्विच, मधले कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे डबे) आणि अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वाट) एवढाच रस्ता पेन्सिलीने गिरवा. जर्मन पद्धतीच्या डायग्रामवर ३०, १५, ३१ असे आकडे दिसतात. ३० म्हणजे थेट बॅटरीचा प्लस, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा प्लस, ३१ म्हणजे अर्थ. हे तीन डोक्यात बसले की पान बरंच माणसात येतं.

आता कडू गोष्ट आधीच सांगतो. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत कपलर सोडवायला जाल तर एखाददुसरा तुटणारच. कितीही हलक्या हाताने केलंत तरी. त्याचं प्लास्टिक बहुधा नायलॉन नाहीतर पीबीटी असतं आणि इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षं भाजून त्याची लवचिकता संपलेली असते. लॉकची पट्टी दाबली की ती वाकत नाही, कट्‌ आवाज करून हातात येते. नुकसान कमी करायचं असेल तर आधी कपलरवरची धूळ फुंकून काढा, हेअर ड्रायरने तो हाताला सोसेल इतका गरम करा, मग ओढायच्या आधी थोडा आत ढकला. आत ढकलल्यावर लॉकवरचा ताण सुटतो. आता पट्टी दाबा आणि कपलरचं अंग धरून ओढा. वायर धरून ओढणारा माणूस मी गाडीजवळ उभा करत नाही.

जुन्या इंजेक्टरवर तारेची क्लिप असलेले कपलर असतात. ती क्लिप टोच्याने सरकवताना दुसऱ्या हाताचं बोट तिच्यावर ठेवा आणि खाली फडकं पसरा. उडालेली क्लिप इंजिनाच्या खोबणीत जाते आणि मग अर्धा दिवस चुंबक फिरवत बसावं लागतं.

लॉक तुटला म्हणून हातपाय गाळू नका. बहुतेक कपलरचा नुसता डबा बदलता येतो, आतल्या पिना त्याच राहतात. प्रत्येक पिनेला एक बारीक जिभली असते, ती डब्याच्या आत अडकलेली असते. पुष्कळ डब्यांना वरून आणखी एक लॉक असतो, बहुधा वेगळ्या रंगाची पट्टी. ती आधी सरकवायची, मग समोरून पातळ पातं घालून जिभली दाबायची आणि वायर मागून अलगद काढायची. पातं आत असताना जोर करावासा वाटला की थांबा, जिभली दबलेली नाही. काढलेल्या पिनेची जिभली नखाने किंचित वर उचलून मगच नव्या डब्यात घाला, नाहीतर ती बसल्यासारखी वाटते आणि जोडताना मागे सरकते. एका वेळी एकच पिन हलवा. आणि फोटो काढताना कुठल्या बाजूने काढला ते लिहून ठेवा, कारण समोरून आणि मागून बघितलं की डावं-उजवं उलटतं. यात भले भले फसतात.

वायरचं प्लास्टिक कडक का होतं? पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य उष्णतेने हळूहळू निघून जातं. उरतं ते वाळकं कवच, वाकवलं की तडकतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या काही युरोपीय गाड्यांत इंजिनाच्या हार्नेसचं (वायरींच्या बांधलेल्या गठ्ठ्याचं) इन्सुलेशन मुळातच असं होतं की काही वर्षांत त्याचा भुगा व्हायचा. तसा हार्नेस असेल तर टेप गुंडाळण्यात आयुष्य घालवू नका. तो पूर्ण बदलावा किंवा नव्याने बांधावा लागतो, मधला मार्ग नाही.

बाकी गाड्यांत मात्र वायर सगळीकडे सारखी खराब नसते, त्यामुळे धीर सोडू नका. दोष ठरलेल्या जागी सापडतो: दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी, डिकीच्या झाकणाची नळी, एक्झॉस्टजवळून गेलेला भाग, बॅटरीखालचा कोपरा, इंजिन हलतं तिथला वळसा. दाराच्या नळीतल्या वायरी बाहेरून धड दिसतात. एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ताणा. एखादी रबरासारखी लांबली तर आतलं तांबं तुटलेलं आहे आणि नुसतं प्लास्टिक तुमच्या हाताला ओ देतंय.

आणि आता तो सापळा. मला याने इतकं छळलंय की यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, सहन करा.

दिवा मंद लागतोय. तुम्ही कपलर काढता, मीटरची एक टोकणी (प्रोब) पिनेला, एक बॅटरीच्या निगेटिव्हला लावता. मीटर १२.४ दाखवतो. पुरवठा बरोबर आहे म्हणून तुम्ही दिव्याकडे वळता, दिवा बदलता, रिले बदलता, स्विच बदलता. दिवा मंदच. मग कंटिन्युइटी (वायर सलग आहे का ते बघणारी मीटरची सोय) लावता, मीटर छान बीप करतो. आता तुम्हाला स्वतःच्या डोक्यावर शंका यायला लागते.

डोकं ठीक आहे. प्रश्न चुकीचा विचारलाय. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो, म्हणजे तो वायरीतून जेमतेम एक मायक्रोअँपिअर ओढतो. वायरीत तांब्याची एकच काडी शिल्लक असली, बाकीचं हिरवं होऊन झडलं असलं, तरी एवढासा प्रवाह त्या काडीतून आरामात जातो आणि व्होल्ट पूर्ण दिसतात. विहिरीच्या दोराचा एकच पीळ उरला तरी रिकामा दोर धडधाकट दिसतो, भरलेला पोहरा वर ओढायला घेतला की तुटतो, तसं हे. बीपचं तर विचारूच नका. बऱ्याच मीटरचा भोंगा तीस-चाळीस ओहमपर्यंतसुद्धा वाजतो आणि हेडलाइटच्या वायरीत अर्धा ओहमसुद्धा फार झाला.

किती फार, ते आकड्यांत बघा. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या वर प्रवाह घेतो. वाटेत अर्धा ओहम आला की तिथेच सुमारे दोन व्होल्ट खर्च होतात, बल्बला दहा मिळतात आणि उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. शिवाय त्या सांध्यात सात-आठ वॅट उष्णता तयार होते. कपलरच्या एका पिनेत एवढी उष्णता म्हणजे काही दिवसांत प्लास्टिक तपकिरी, मग वितळलेलं. वितळलेला कपलर दिसला की लोक 'शॉर्ट झाला' म्हणतात. शॉर्ट झाला असता तर फ्यूज गेला असता. हा ढिल्या पिनेचा प्रताप आहे, आणि तो फ्यूजला कधीच कळत नाही. म्हणून फ्यूज मोठा घालणं हा उपाय नाही, आगीला आमंत्रण आहे.

मग मोजायचं कसं? सगळं जोडलेलं, दिवा लागलेला, तेव्हा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी दिव्याच्या अर्थ पिनेवर, कपलरच्या मागच्या बाजूने बारीक सुई सरकवून. इथे शून्याच्या जवळ आकडा हवा. ०.१ व्होल्टपर्यंत मी गप्प बसतो, त्यावर गेला की अर्थचा बोल्ट उघडतो. मग तसंच प्लसच्या बाजूला: एक टोकणी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी दिव्याच्या प्लस पिनेवर. फ्यूज, स्विच, रिले सगळं मिळून अर्धा व्होल्ट माझ्या हिशेबात चालतो. जास्त आला तर दुसरी टोकणी एकेक कपलर मागे आणत जा. ज्या कपलरच्या पुढे आकडा मोठा आणि मागे लहान, दोष त्याच्यात. इतकं सरळ आहे, आणि हे मला कोणी पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं तर कितीतरी धडधाकट स्विच वाचले असते.

मागून सुई घालायची, समोरून नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. मादी पिनेत जाड टोकणी खुपसली की तिचे ओठ फाकतात. मापन होतं, पण दोष तुम्हीच घालून ठेवता.

अर्थचा बोल्ट उघडलात तर नुसता घट्ट करून परत येऊ नका. थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) आणि पत्रा दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा, मग वरून ग्रीस लावा. जुन्या गाडीत 'एक इंडिकेटर लावला की दुसराच दिवा लुकलुकतो' असले भुताटकीचे प्रकार बहुतेक वेळा इथेच संपतात.

आता जोड. डाख (सोल्डर) द्यायचा की क्रिम्प करायचं (पिन वायरीवर चेपून बसवायची), यावर माणसं हमरीतुमरीवर येतात. माझं मत: क्रिम्प, पण योग्य मापाचं आणि रॅचेट असलेल्या पकडीने. साध्या पकडीने चेपलेली पिन म्हणजे क्रिम्प नव्हे. चांगल्या पिनेला पंखांच्या दोन जोड्या असतात, पुढची तांब्याला कवटाळते, मागची इन्सुलेशनला. मागची जोडी तांब्यावर बसली तर धक्के सोसायला कोणी उरत नाही. करून झालं की ओढून बघा, जरा निर्दयपणे. निघायची असेल तर टेबलावर निघू दे.

डाख वाईट नाही, पण वितळलेला डाख तारेतून वर चढतो आणि जिथे थांबतो तिथे कडक-मऊची सीमा तयार होते. इंजिनाची थरथर वायर तिथेच तोडते. डाख द्यायचाच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून आधार द्या, रोझिनचाच वापरा, ॲसिड फ्लक्स अजिबात नको. आणि जुनी वायर सोलल्यावर तांबं काळं निघालं तर त्यावर डाख धरणार नाही. अजून मागे कापा. तरी काळंच? अजून मागे. पाणी केशाकर्षणाने इन्सुलेशनच्या आतून लांबपर्यंत गेलेलं असतं. चकचकीत गुलाबी तांबं दिसेपर्यंत कापायचं आणि मधे नवा तुकडा घालायचा, त्याच जाडीचा, जमलं तर त्याच रंगाचा. घरातली वायर नको. तिचं इन्सुलेशन इंजिनाजवळच्या उष्णतेसाठी आणि तेलासाठी बनलेलं नसतं. गाडीची वायर मागा, इंजिनाजवळ निदान १०५ अंशांची.

वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. ती जोडायच्या आधी वायरीत ओवायची असते. हे वाक्य हसून सोडून देऊ नका. एका गठ्ठ्यात चार-पाच वायरी जोडायच्या असतील तर सगळे जोड एकाच ठिकाणी आणू नका, मागे-पुढे ठेवा, नाहीतर गाठ फुगते आणि नळीत मावत नाही. गुंडाळायला कापडी हार्नेस टेप. साध्या काळ्या टेपचा गोंद उष्णतेने पाझरतो आणि पुढच्या माणसाच्या बोटांना चिकटतो, आणि तो पुढचा माणूस बहुधा तुम्हीच असता.

वायरीला चिमटा मारून फांदी काढणारे ते निळे-लाल क्लिप मिळतात ना, ते मला बघवत नाहीत. आतलं पातं तारेच्या काड्या कापतं आणि पाण्याला दार उघडून देतं. वर सांगितलेल्या हिरव्या तांब्याचे निम्मे कारखाने हेच.

शिकवणाऱ्यांबद्दलही बोलतो, कुणाला राग येवो. 'डायग्राम कशाला, बॅटरीवरून डायरेक्ट ओढ' असं म्हणणाऱ्या वस्तादाचा हात कितीही साफ असो, वायरिंग त्याच्याकडे शिकू नका. त्याची ओढलेली, फ्यूज नसलेली ती एक वायर शोधण्यात पुढे कुणाचा तरी जीव मेटाकुटीला येतो. इंजिन खोलणं, गिअर जुळवणं त्याच्याकडे जरूर शिका. वायरिंगसाठी असा माणूस धरा जो आधी विचारतो, 'अर्थ कुठे बसलाय?'

तीन ठिकाणी मात्र नवशिक्याने हात आखडता घ्यावा. पिवळे कपलर किंवा पिवळी नळी म्हणजे सहसा एअरबॅग. तिथे मीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प लावायचा नाही, 'जरा बघू' सुद्धा नाही. एबीएस सेन्सरच्या आणि कॅनच्या (गाडीतले कंट्रोल युनिट एकमेकांशी बोलतात त्या) वायरी पीळ घातलेल्या असतात. दुरुस्तीत तो पीळ जवळजवळ जोडापर्यंत तसाच राहिला पाहिजे. आणि ऑक्सिजन सेन्सरची वायर: पुष्कळ सेन्सर बाहेरची हवा त्या वायरीच्या काड्यांमधूनच आत घेतात. तिथे डाख दिला किंवा कपलरमध्ये ग्रीस भरलं की हवेची वाट बंद आणि सेन्सर खोटं बोलायला लागतो. तिथे क्रिम्पच, कोरडं.

सुरुवात डिकीच्या दिव्यापासून करा. इंजिनाच्या हार्नेसला पहिल्याच महिन्यात हात लावायची घाई नको. डिकीच्या नळीतल्या वायरी मिळायला सोप्या, चुकल्या तर गाडी बंद पडत नाही, आणि डिकीतला दिवा, नंबरप्लेटचा दिवा, काचेचा हीटर असे हलके-जड सगळे भार तिथे असतात. हीटर चालू करून त्याच्या दोन्ही टोकांना व्होल्ट मोजा, बॅटरीवर मोजा, फरक कागदावर लिहा. दुरुस्तीनंतर पुन्हा तेच मोजा आणि दुसरा आकडा पहिल्याशेजारी लिहून ठेवा.