पहिला आयर्न सेट घेण्याआधीची तयारी

गोल्फमधला पहिला आयर्न सेट, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबांचा संच, घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण कंपन्यांच्या नावांपासून सुरुवात करतात. कुठली कंपनी चांगली, अमका खेळाडू काय वापरतो, यंदा नवीन मॉडेल कुठलं आलंय. माझं म्हणणं असं, की ही चौकशी अगदी शेवटी करा. आधी स्वतःची मापं घ्या आणि आपला चेंडू क्लबच्या फेसवर, म्हणजे चेंडूला भिडणाऱ्या बाजूवर, नेमका कुठे लागतो ते बघून घ्या. नामांकित कंपन्यांचे नवशिक्यांसाठीचे सेट आज एकमेकांच्या बरेच जवळ आलेले आहेत, त्यामुळे नाव निवडताना फारसं चुकायला होत नाही. लांबी आणि वजन निवडताना मात्र हमखास चुकायला होतं. आणि मापात न बसणारा क्लब हातात आला की शरीर त्याच्याशी जुळवून घेत वेडावाकडा स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची पद्धत, शिकतं. तो स्विंग मोडायला पुढे कोचला आणि तुम्हाला दोघांनाही घाम गाळावा लागतो.

सगळ्यात आधी, सेट घ्यायची वेळ खरंच आली आहे का ते ठरवा. तोवर एक ७ नंबरचा आयर्न पुरतो. कुणाकडून उसना घ्या, रेंजवर (सरावाच्या मैदानावर) भाड्याने मिळत असेल तर तो वापरा. मधल्या लांबीचा आणि मधल्या लॉफ्टचा (फेसच्या तिरकेपणाचा) असल्यामुळे कोच मंडळीही शिकवायला तोच हातात देतात. दहांपैकी पाच-सहा चेंडू हवेत उठून साधारण एकाच बाजूला जायला लागले, की समजा तुमच्या स्विंगला काहीतरी आकार आला आहे. त्याआधी फिटिंग, म्हणजे आपल्या मापाप्रमाणे क्लब जुळवून घेण्याचं काम, करून घेतलं तर आज एक माप येईल आणि महिन्याभराने दुसरंच.

मग सेटमध्ये किती क्लब हवेत ते कागदावर लिहा. नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांपैकी अमेरिकेतल्या यूएसजीएने ही मर्यादा १९३८ मध्ये घातली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या आर अँड ए नेही ती स्वीकारली. ही वरची मर्यादा आहे, १४ भरलेच पाहिजेत असं कुठेही म्हटलेलं नाही. नवशिक्याला आयर्नमध्ये ६ नंबरपासून पिचिंग वेजपर्यंतचे पाच आणि वर एक सँड वेज एवढं पुष्कळ झालं (वेज म्हणजे जवळच्या फटक्यांसाठीचा जास्त लॉफ्टचा आयर्न). ३ आणि ४ नंबरचे आयर्न सरळ सोडून द्या. त्यांचा लॉफ्ट कमी आणि शाफ्ट (दांडा) लांब, त्यामुळे हळू स्विंगवर चेंडू वर उठतच नाही. त्या अंतरासाठी हायब्रिड, म्हणजे लांब आयर्नच्या जागी वापरायचा जाडसर डोक्याचा क्लब, घ्यावा. त्याचं वजन मागे आणि खाली असल्याने तो चेंडू सहज उचलतो. हात आखडता घ्यायचा असेल तर ७, ९ आणि सँड वेज एवढ्या तीन आयर्नवरही सुरुवातीचे कित्येक महिने आनंदाने खेळता येतं.

आता मापं. नेहमीचे बूट घालून सपाट जमिनीवर ताठ उभे राहा, हात सैल सोडा आणि दुसऱ्या कुणाला तरी मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. स्वतःच वाकून मोजलंत तर माप चुकणार. नुसती उंची सांगून भागत नाही, कारण उंच माणसाचे हातही लांब असतील तर त्याला नेहमीच्याच लांबीचा क्लब बसतो. हे अंतर ३४ ते ३७ इंचांच्या आसपास असेल तर सहसा ठरीव लांबी चालते. पुरुषांच्या सेटमधला ७ नंबर त्या हिशेबाने साधारण ३७ इंचांचा असतो आणि पुढचा प्रत्येक नंबर अर्ध्या इंचाने कमी होत जातो. तुमचं माप यापेक्षा बरंच कमी-जास्त असेल तर फिटरला पहिल्यांदा तेच सांगा.

हाताचं मापही घ्यायला हवं, पण ग्रिपकडे, म्हणजे क्लबच्या मुठीकडे, लक्ष देतो कोण! क्लब डाव्या हातात नेहमीसारखा धरा (डावखुऱ्यांनी उजव्या हातात) आणि मधली दोन बोटं बघा. त्यांची टोकं अंगठ्याखालच्या मांसल भागाला जेमतेम टेकली पाहिजेत. ती तळव्यात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, मध्ये फट राहत असेल तर जाड आहे. समाधानाची गोष्ट म्हणजे ग्रिप बदलणं सेटमधलं सगळ्यात सोपं काम आहे, त्यामुळे केवळ ग्रिपपायी चांगला सेट हातचा घालवू नका.

क्लबच्या डोक्याबद्दल माझं मत ठाम आहे: पहिला सेट कॅव्हिटी बॅकच असावा. क्लब उलटा करून मागून बघा. मधला भाग पोखरल्यासारखा खोल आणि कडेने जाड धातूची किनार दिसली, तर तो कॅव्हिटी बॅक. मधलं वजन काढून कडेला नेलं की चेंडू टोच्या बाजूला (डोक्याच्या बाहेरच्या टोकाला) किंवा हीलकडे (शाफ्टजवळच्या बाजूला) लागला तरी फेस कमी वळतो आणि चेंडूचा वेगही कमी वाया जातो. ही कल्पना लोकांपर्यंत पोचवण्यात कार्स्टन सोल्हाइम यांचा मोठा वाटा आहे. ते जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होते आणि १९५९ मध्ये त्यांनी पिंग सुरू केली. याउलट ब्लेड या प्रकारच्या आयर्नची पाठ सपाट असते, सोल (तळ) अरुंद आणि वरची कड बारीक. ब्लेड दिसायला देखणं असतं यात वादच नाही. पण फेसच्या मध्यापासून चेंडू थोडा जरी सरकला तरी ते अंतरही खातं आणि मनगटाला झिणझिण्याही आणतं. नवशिक्याचा चेंडू मध्यावर लागतो तो क्वचितच.

सोलवरून अंगठा फिरवून बघा. रुंद आणि थोडा गोलाई असलेला सोल जमिनीत रुतण्याऐवजी घसरत पुढे जातो, त्यामुळे चेंडूच्या जरा मागे मारा बसला तरी फटका पुरता वाया जात नाही. नंतर क्लब जमिनीवर टेकवून वरून बघा. फेस शाफ्टच्या रेषेपेक्षा किंचित मागे असेल तर तो ऑफसेट. ज्यांचा चेंडू सतत उजवीकडे वळतो त्यांना याची थोडीफार मदत होते. काहींना ते वरून बघायला खटकतं. खटकत असेल तर कमी ऑफसेटचा घ्या, कारण दर फटक्याआधी तेच दृश्य डोळ्यांसमोर राहणार आहे.

लॉफ्टवर मात्र जरा थांबावं लागेल, कारण सर्वाधिक फसगत इथे होते. क्लबवर कोरलेला नंबर म्हणजे काही प्रमाण नव्हे. कुठल्या नंबरला किती लॉफ्ट द्यायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. पूर्वी ७ नंबरचा लॉफ्ट ३४ ते ३६ अंश असायचा. आज नवशिक्यांसाठीच्या कित्येक सेटमध्ये तो २८ ते ३० अंश असतो, म्हणजे जवळपास जुन्या ५ नंबरएवढा. साहजिकच दुकानात ‘बघा, या ७ नंबरने चेंडू किती लांब गेला’ असं ऐकायला मिळतं. चेंडू गेला खरा, पण मुळात तो क्लबच जुन्या हिशेबाने वेगळ्या नंबरचा आहे. हे आधुनिक सेट वाईट असतात असं मी म्हणत नाही. त्यांचं वजन खाली ठेवलेलं असल्याने कमी लॉफ्टमध्येही चेंडू उंच जातो. पण त्यासाठी स्विंगला बऱ्यापैकी वेग लागतो. हळू स्विंग असलेल्या माणसाच्या हातात असा ६ नंबर दिला तर ७ आणि ६ दोन्हींचं अंतर सारखंच येतं आणि एक क्लब बॅगेत नुसता पडून राहतो.

म्हणून सेटचा लॉफ्टचा तक्ता मागून घ्या, कंपनीच्या माहितीपत्रकात तो असतोच. त्यात पिचिंग वेजपुढचा आकडा बघा. तो ४३ अंश असेल आणि तुमचा सँड वेज ५६ अंशांचा असेल, तर मध्ये १३ अंशांची मोकळी जागा राहते. नेमक्या त्याच अंतरावरून हिरवळीवर चेंडू टाकायची वेळ पुनःपुन्हा येते. अशा वेळी त्याच सेटमधला ४८-४९ अंशांचा गॅप वेज सोबतच घ्यावा. नंतर शोधायला गेलं तर जोडीचा मिळेलच असं नाही.

शाफ्ट स्टीलचा की ग्रॅफाइटचा? स्टीलचा साधारण ९५ ते १३० ग्रॅम, ग्रॅफाइटचा बहुधा ५० ते ८०. सांधे दुखत असतील, कोपराचा त्रास असेल किंवा स्विंग हळू असेल तर बिनदिक्कत ग्रॅफाइट घ्या, त्यात कमीपणा काही नाही. अंगात ताकद असेल आणि क्लब हातातून निसटल्यासारखा वाटत असेल तर हलक्या वजनाचं स्टील बघा. फ्लेक्सची (शाफ्टच्या लवचीकपणाची) अक्षरं, म्हणजे रेग्युलर, स्टिफ, सीनियर वगैरे, यांचं सगळ्या कंपन्यांना लागू असं कुठलंही मोजमाप नाही. तयार कपड्यांत एकाचा मीडियम दुसऱ्याचा लार्ज निघतो, तसंच हे. त्यामुळे अक्षर वाचून न ठरवता फटके मारून ठरवा. ‘लेडीज’ आणि ‘मेन्स’ या शिक्क्यांचंही तेच. उंच, जोमदार स्विंगच्या बाईंना तथाकथित पुरुषांचा सेट बसू शकतो आणि लहान चणीच्या गृहस्थांना उलटा. मुलांसाठी मात्र मोठ्यांचे क्लब कापून देऊ नका. कापल्यावर ते आखूड होतात खरे, पण डोकं तेवढंच जड राहतं आणि शाफ्ट आणखी ताठ होतो.

फिटिंगच्या दिवशी खेळताना घालता तेच बूट आणि ग्लोव्ह न्या आणि खिशात एक मार्कर पेन ठेवा. पेनचा उपयोग असा: चेंडूवर एक जाड उभी रेघ काढायची, ती फेसच्या बाजूला येईल असा चेंडू ठेवायचा आणि फटका मारायचा. शाई ओली असली तर फेसवर तिचा ठसा स्पष्ट उमटतो. ठसा ग्रूव्हना (फेसवरच्या आडव्या खाचांना) काटकोनात सरळ उभा असेल तर लाय अँगल, म्हणजे शाफ्ट आणि जमीन यांमधला कोन, तुम्हाला बसतो आहे. ठशाचं वरचं टोक टोच्या बाजूला झुकलं असेल तर क्लब जास्त उभा आहे आणि चेंडू डावीकडे ओढला जाईल. हीलकडे झुकलं असेल तर क्लब जास्त आडवा आहे आणि चेंडू उजवीकडे निसटेल (डावखुऱ्यांसाठी दिशा उलट). चार-पाच फटके मारा, दर वेळी ठसा पुसून परत बघा, एका ठशावरून निकाल देऊ नका. हा ठसा उमटला कुठे, तेही त्याच वेळी कळतं. सगळे ठसे टोच्या बाजूला जमत असतील तर क्लब आखूड पडतोय का ते फिटरला विचारा. अर्थात उभं राहण्यातला दोषही असू शकतो, म्हणून शक्य असेल तर आपल्या कोचला सोबत न्या.

सुरुवातीचे फटके अंग मोकळं करण्यापुरते मारा, त्यांचे आकडे धरू नका. दोनच सेट निवडा आणि आलटून पालटून मारा. पाच-सहा सेट एकामागून एक हाताळले की थकव्याने शेवटचे सगळे सारखेच वाटू लागतात. मोजणी यंत्राच्या पडद्यावर सगळ्यात लांब गेलेल्या चेंडूकडे नजर जाणारच, पण वाईट बसलेले चेंडू कुठवर गेले तिकडे बघा. ज्या सेटचे वाईट फटकेही चांगल्यांच्या जवळपास पडतात तो तुमचा. मॅटवर चेंडूच्या मागे मारलं तरी सोल घसरून फटका बरा बसल्यासारखा वाटतो, म्हणून खऱ्या गवतावर थोडे चेंडू मारू द्याल का, असं आवर्जून विचारा.

वापरलेला सेट मिळत असेल तर पहिल्यांदा तोच घ्यावा असं मी सुचवेन. कॅव्हिटी बॅकचं मूळ तत्त्व दहा वर्षांपूर्वीच्या सेटमध्येही तेच आहे. फक्त उजेडात नीट तपासून घ्या. ग्रूव्हच्या कडा नखाला लागतात का, विशेषतः वेजच्या. सगळ्या शाफ्टवरची नावाची पट्टी एकसारखी आहे का, की मध्येच एखादा बदललेला आहे. स्टीलवर गंजाचे खड्डे नाहीत ना, ग्रॅफाइटला हॉझलपाशी (शाफ्ट डोक्यात बसतो त्या भागापाशी) बारीक चीर नाही ना. क्लब कानाजवळ हलवून आत काही खुळखुळतंय का तेही ऐका. ग्रिप कडक आणि चकचकीत झाल्या असतील तर त्या बदलायचा खर्च धरूनच बोलणी करा. नवाकोरा महागडा सेट कुणी फारच स्वस्तात देऊ करत असेल तर बनावट असण्याची शक्यता धरा आणि हॉझलवरचा सीरियल नंबर कंपनीकडून पडताळून घ्या.

सगळे आयर्न एकाच लांबीचे असलेले सेटही दिसतील. अमेरिकी खेळाडू ब्रायसन डीशॅम्बोने अशाच क्लबांनी २०२० ची यूएस ओपन जिंकली. तरी पहिल्या सेटला मी ते सुचवणार नाही. उसना क्लब, कोचचा क्लब, पुढे घ्यायचा वेगळा वेज, सगळे नेहमीच्या लांबीचे असतात आणि नवशिक्याला ते हाताळावेच लागतात.

सेट घरी आला की सगळ्यांची वेष्टनं फाडण्याआधी नंबर मोजा, लांबी आणि फ्लेक्स मागितल्याप्रमाणे आहे का बघा आणि प्रत्येक क्लबचा लॉफ्ट-लाय फिटरकडे यंत्रावर मोजून आकडे लिहून घ्या. नव्या सेटमध्येही एखाद्या अंशाचा फरक सापडतो. हा कागद जपून ठेवा. सहा-आठ महिन्यांनी स्विंग सुधारला की लाय पुन्हा तपासावा लागतो. फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) डोकं एक-दोन अंश सहज वाकवता येतं. कास्ट (ओतीव) डोकं कडक धातूचं असेल तर जपून वाकवावं लागतं आणि कधी कधी वाकवताच येत नाही. तुमचा कुठला ते घेतानाच विचारून त्याच कागदावर लिहून ठेवा.