आधी गाणी, मग माहितीपट: साठच्या दशकातलं फोक-रॉक चार जणांत बसून कसं पाहावं

जुन्या संगीतावरच्या बहुतेक माहितीपटांत गाणं पूर्ण वाजतच नाही. वीस-पंचवीस सेकंद वाजतं, की पिकल्या केसांचा कुणीतरी गायक खुर्चीत बसून आठवण सांगायला लागतो. आठवणी ऐकायला छान वाटतात, पण ज्याने मूळ गाणं ऐकलेलं नाही त्याच्या पदरात गाण्याची नुसती कीर्ती पडते. मी नाशिकला गंगापूर रोडला गिटार शिकवते आणि थंडी सुरू झाली की माझ्याकडच्या मुलांना, त्यांच्या आईवडिलांना आणि ओळखीतल्या दोन-चार जुन्या वादकांना बोलावून असा एखादा माहितीपट दाखवते. त्यातून जी पद्धत बसली, ती इथे लिहिते आहे.

उदाहरणाला 'एको इन द कॅन्यन' घेऊ. अँड्र्यू स्लेटर यांचा हा माहितीपट २०१८ चा, दीड तासाच्या आतला. बॉब डिलनचा मुलगा जेकब डिलन त्यात जुन्या गायकांना भेटतो, त्यांना बोलतं करतो आणि त्यांची गाणी आजच्या गायकांबरोबर पुन्हा गातो. विषय आहे लॉस एंजलिसमधल्याच टेकड्यांतली लॉरेल कॅन्यन नावाची वस्ती आणि १९६५ ते १९६७ ही वर्षं. लोकगीतं म्हणणारी, साधी गिटार वाजवणारी मंडळी तिथे राहायला आली, हातात इलेक्ट्रिक गिटार आली, आणि त्यातून फोक-रॉक उभं राहिलं. द बर्ड्स, द बीच बॉइज, बफेलो स्प्रिंगफील्ड, द मामाज अँड द पापाज ही त्यातली मुख्य नावं.

माणसं किती बोलवायची? घरच्या हॉलमध्ये सतरंजीवर ऐसपैस बसतील एवढीच. रविवार संध्याकाळ पाचची वेळ चांगली. सकाळी नाशिककर मिसळ खाऊन आलेला असतो, त्याच्याकडून गंभीर ऐकणं होत नाही. घरात पाहणं वेगळं आणि तिकीट लावून किंवा सार्वजनिक सभागृहात दाखवणं वेगळं. त्याला हक्क असणाऱ्यांची परवानगी लागते, ती आधी घ्या. गच्चीवर पडदा लावणार असाल तर रात्री दहाच्या आत आवाज बंद होईल असं बघा. मला मात्र गच्ची आवडत नाही. उघड्यावर बास, म्हणजे खालच्या स्वरांचा आवाज, विरून जातो आणि या गाण्यांत बास फार महत्त्वाचा आहे.

चित्र लहान असलं तरी चालेल, आवाज चांगला हवा. टीव्हीच्या पाठीमागे बसवलेले स्पीकर भिंतीकडे तोंड करून बोलतात, त्यांच्यावर ही मैफल करू नका. दोन साधे स्पीकर घ्या, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा, आणि दोघांमध्ये जेवढं अंतर तेवढंच ऐकणाऱ्यापासून ठेवा. खाली फरशी असेल तर जाड सतरंजी घाला, समोरच्या खिडकीला पडदा ओढा, खणखणाट निम्मा होतो. ब्लूटूथ टाळून वायर लावा, नाहीतर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. आणखी एक: त्या काळची पुष्कळ गाणी मोनोत, म्हणजे एकाच वाहिनीत, मिसळलेली असत. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' १९६६ मध्ये मोनोतच निघाला. तो घडवणाऱ्या ब्रायन विल्सनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. तेव्हा मोनो आवृत्ती मिळाली तर तीच लावा.

आता मुख्य काम. माहितीपट सुरू करण्याआधी तीन-चार गाणी, दिवे चालू ठेवून, अथपासून इतिपर्यंत ऐकवा. जास्त नकोत, कान थकतात.

पहिलं 'मिस्टर टॅम्बरिन मॅन', पण दोनदा. आधी बॉब डिलनचं, साडेपाच मिनिटांचं, गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन गायलेलं. त्यानंतर लगेच बर्ड्सचं. २० जानेवारी १९६५ ला हॉलिवूडमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत ते रेकॉर्ड झालं आणि जूनमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. डिलनची चार कडवी होती, यांनी एकच ठेवलं, आणि गाणं सव्वादोन मिनिटांच्या आसपास संपवलं. दोन्ही लागोपाठ ऐकली की मुलं न सांगता कामाला लागतात: काय काढलं, काय घातलं, ठेका कुठे बदलला. फोक-रॉक म्हणजे काय यावर मी वेगळं भाषण देत नाही, या दोन गाण्यांत ते सगळं आहे.

बर्ड्सच्या गाण्याची सुरुवात तीन-चार वेळा ऐकवा. तो जो झणत्कार आहे तो रॉजर मॅग्विनच्या बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारचा. बारा तारा म्हणजे सहा जोड्या. खालच्या स्वरांच्या चार जोड्यांत एक तार नेहमीची आणि एक वरच्या सप्तकातली, उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच स्वराला. ज्यांच्या घरी तंबोरा जुळवलेला आहे त्यांना जोडीच्या तारा किती छळतात ते माहीत असतं. एक केसभर जरी खाली असली तरी दोन्ही स्वर एकमेकांत लाटा उठवतात, आणि नेमक्या जुळल्या की तार एकच वाटते पण आवाज रुंद होतो. बारा तारांच्या गिटारमध्ये हेच काम सहा ठिकाणी. शक्य असेल तर खरी गिटार आणून समोर ठेवा. आधी जोडीतली एक तार बोटाने दाबून मुकी करा आणि दुसरी वाजवा, मग बोट उचला. माझ्याकडच्या आठवीतल्या मुलीने हे ऐकल्यावर पुढचा पूर्ण माहितीपट डोळे बारीक करून, गिटारच्या डोक्यावरच्या खुंट्या मोजत पाहिला. स्टुडिओत या आवाजावर कॉम्प्रेसर लावला होता, म्हणजे मोठा आवाज दाबून लहान आवाज वर उचलणारं यंत्र. म्हणून स्वर छेडल्यावर लगेच मरत नाही, लांबत राहतो. मॅग्विनला या गिटारचं वेड लागलं ते १९६४ मध्ये बीटल्सच्या चित्रपटात जॉर्ज हॅरिसनच्या हातात ती पाहून.

आमच्याकडे नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका येतात. तरुणपणी गणपतीत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. हे गाणं ऐकताना ते मध्येच म्हणाले, "मॅडम, ड्रम आणि बास बँडच्या पोरांचा नाही. हात फार मुरलेला आहे." त्यांनी कुठेही वाचलेलं नव्हतं. खरोखरच त्या रेकॉर्डवर वाद्य वाजवणारा बँडचा माणूस एकटा मॅग्विन. ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर लॅरी नेक्टेल, असे स्टुडिओतले रोजंदारीचे पट्टीचे वादक होते. मॅग्विन, जीन क्लार्क आणि डेव्हिड क्रॉस्बी गायले. हिंदी सिनेमाची गाणी ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटत नाही. पडद्यावर एक, माइकसमोर दुसरा आणि व्हायोलिनवर तिसरा, हे आपण जन्मापासून पाहतो. माहितीपट बघताना मात्र हे ध्यानात ठेवा, कारण कॅमेरा नेहमी ज्यांचे चेहरे प्रसिद्ध आहेत त्यांच्याकडेच जातो.

दुसरं गाणं 'कॅलिफोर्निया ड्रीमिन'. जॉन आणि मिशेल फिलिप्स यांनी ते न्यूयॉर्कच्या थंडीत लिहिलं, १९६५ च्या डिसेंबरात मामाज अँड द पापाजच्या आवाजात बाजारात आलं. पण सुरुवातीला ते बॅरी मॅग्वायर या गायकासाठी ध्वनिमुद्रित झालं होतं आणि ही चौकडी त्याच्या मागे गात होती. पुढे त्याचा आवाज पुसून त्या जागी चौकडीतल्याच डेनी डोहर्टीचा आवाज भरला. पुसणं पूर्ण झालं नाही. स्टीरिओ आवृत्ती हेडफोनवर लावा, डावा कान द्या, अगदी सुरुवातीला मॅग्वायरचा आवाज क्षणभर पुसट निसटून जातो. हेडफोन एकेकाला फिरवा. घाई करू नका.

याच गाण्याच्या मध्यावर बासरी येते. तिथे थांबा, आणि इथे मी जे करते ते अवश्य करा. गाणं बंद करून पंडित रविशंकरांचं १९६२ चं, 'पाथेर पांचाली'च्या धूनवरचं वादन लावा. वर्ल्ड पॅसिफिक या कंपनीने कॅलिफोर्नियात काढलेली ती रेकॉर्ड. त्यातली बासरी बड शँकची, आणि 'कॅलिफोर्निया ड्रीमिन'मधलीही त्याचीच. खोलीतल्या ज्येष्ठ मंडळींचा चेहरा इथे बदलतो. तोवर हे सगळं त्यांच्यासाठी परक्यांचं कौतुक असतं, आता ते स्वतःहून पुढे सरकून बसतात.

हा धागा तिथेच सोडू नका. बर्ड्स मंडळी सरावाला वर्ल्ड पॅसिफिकच्याच स्टुडिओत जात, तिथेच रविशंकरांचं ध्वनिमुद्रण होई. क्रॉस्बी त्या सतारीने इतका भारावला की १९६५ च्या ऑगस्टमध्ये त्याने आणि मॅग्विनने जॉर्ज हॅरिसनला रविशंकरांबद्दल सांगितलं. त्याच वर्षीच्या दौऱ्यात बसमध्ये बर्ड्सकडे जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि रविशंकर यांची टेप होती, तीच पुन्हा पुन्हा वाजे. त्यातून १९६६ चं 'एट माइल्स हाय' आलं. चौथं गाणं म्हणून हे लावा आणि बारा तारांची गिटार सॅक्सोफोनसारखी धावते ते ऐका. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या संगीत महोत्सवात रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ दुपारभर वाजवत होते, समोर ही सारी रॉकवाली मंडळी बसली होती.

मग चहा. त्यानंतर माहितीपट.

पाहताना प्रत्येकाला एक कागद द्या. मधोमध रेघ मारून एका बाजूला 'सांगितलं' आणि दुसऱ्या बाजूला 'ऐकलं' असं लिहायला सांगा. कुणी म्हणालं, "आम्ही सगळे एकमेकांच्या घरी जाऊन गाणी ऐकवायचो," तर ते डावीकडे. एकाच्या गाण्यातला सूर दुसऱ्याच्या गाण्यात खरोखर कानाला लागला, तर ते उजवीकडे. पन्नास वर्षांनंतर माणूस जे सांगतो ते त्याच्या प्रेमातून गाळून आलेलं असतं, त्यात वाईट काही नाही. पण कागदाची उजवी बाजू भरली की आपण त्या काळात स्वतःच्या कानांनी गेलेलो असतो. इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवा, अमेरिकी म्हातारे तोंडातल्या तोंडात बोलतात. मध्ये मध्ये थांबवू नका. फक्त रॉक गायक टॉम पेटी येईल तेव्हा सांगून ठेवा की २०१७ मध्ये त्याचं निधन झालं आणि चित्रपटासाठी दिलेली ही त्याची शेवटची मुलाखत.

संपल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: यात कोण नाही? गायिका जोनी मिचेल नाही. या वस्तीचं नाव घेतल्यावर अनेकांना सर्वांत आधी तीच आठवते. १९७० च्या तिच्या अल्बमच्या नावातच ते 'कॅन्यन', म्हणजे खोरं, आहे. माहितीपट १९६७ ला थांबतो आणि ती तिथे त्यानंतर आली, हे उत्तर बरोबर असलं तरी मला पुरत नाही. १९६५ ते ६७ ही चौकट शेवटी दिग्दर्शकानेच आखली, आणि चौकट आखणं म्हणजेच कुणाला बाहेर ठेवायचं ते ठरवणं. म्हणून पुढच्या रविवारी अॅलिसन एलवूड यांचा 'लॉरेल कॅन्यन: अ प्लेस इन टाइम' दाखवा. २०२० चा, दोन भागांचा. त्यात मुलाखती देणारे चेहरे फारसे दिसत नाहीत, जुने फोटो आणि चित्रफिती आहेत आणि वरून आवाज. दोन्ही पाहिले की मुलांना कळतं की एकाच गल्लीची गोष्ट दोन माणसं किती वेगळी सांगतात. माझं मत विचाराल तर दुसरा सरस आहे, पण सुरुवात पहिल्यापासूनच करावी, कारण त्यात गाणी अजून गायली जाताना दिसतात.

इतकं झाल्यावर मुलं विचारतातच की आपल्याकडे असं काही होतं का. होतं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक, जन्म १९२२, निधन २००४, गावोगाव फिरून गात राहिले आणि त्यांची गाणी आजही आंबेडकर जयंतीला गल्लोगल्ली वाजतात. त्यांच्यामागे ढोलकी धरलेली, पेटी ओढलेली, कोरसला उभी राहिलेली माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत. ऑर्केस्ट्रावाले आहेत, भजनी मंडळं आहेत. सत्तरी-ऐंशीतल्या अशा एखाद्या माणसाकडे फोन घेऊन जा.

"त्या काळी कसं होतं हो काका?" असं मात्र विचारू नका. "छान होतं" एवढंच उत्तर मिळतं. आमच्या प्रेसवाल्या काकांना मी विचारलं, "गिटारचा आवाज मंडपभर कसा पोचवायचात?" तेव्हा ते अर्धा तास बोलले. मंडपवाल्याचाच अँप्लिफायर, त्याला गायक आणि गिटार दोन्ही जोडलेले, त्यामुळे गायकाने वरचा सूर लावला की गिटार गुदमरायची. म्हणून सोलोच्या वेळी गायकाने माइकपासून तोंड बाजूला घ्यायचं, असं आपापसांत ठरलेलं. रात्री शेवटची बस गेलेली असायची, मग वाद्यांसकट टेम्पोत. वस्तू विचारा, रस्ता विचारा, पैसे कोण मोजून द्यायचं ते विचारा. एखादं जुनं गाणं त्यांना म्हणायला लावा आणि मध्ये बोलू नका, शब्द विसरले तरी पुरवू नका. ते स्वतःच सापडवतात.

ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, आणि टेबलावर घडी घातलेल्या टॉवेलवर, त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव आणि समोरच्याचं पूर्ण नाव, त्यांची संमती घेऊन. फाईलच्या नावातही तेच लिहा. त्याच रात्री दुसऱ्या जागी एक प्रत उतरवा, आणि आठवड्याच्या आत पेन ड्राइव्हवर एक प्रत त्यांच्या घरी नेऊन द्या. प्रत हातात पडली की पुढच्या भेटीला घरातले लोकच माळ्यावरून जुने फोटो आणि कॅसेटी काढून ठेवतात.