गिरणगावात पोळी-भाजी केंद्र सुरू करताना

गिरण्या चालू होत्या तेव्हा परळ-लालबागच्या खाणावळी पाळीच्या भोंग्यावर चालत. १९८२ च्या संपानंतर ते गिऱ्हाईक पांगलं. आता त्याच गल्ल्यांत दुपारी ऑफिसवाले येतात आणि संध्याकाळी चाळीतली व टॉवरमधली घरं. दोघांनाही धरून ठेवलं तरच केंद्र टिकतं.

गाळा ठरवण्याआधी बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी त्या जागेसमोर उभे राहा: दुपारी १२ ते अडीच, संध्याकाळी ७ ते ९. माणसं मोजून वहीत लिहा. घरून काम करणाऱ्यांमुळे शुक्रवारची दुपार बऱ्याच ठिकाणी ओस असते, आणि फक्त बुधवार पाहणाऱ्याचा अंदाज तिथेच चुकतो.

मग भाड्याचं गणित. महिन्याचं भाडं कामाच्या दिवसांनी भागा आणि येणाऱ्या रकमेला एका डब्यामागे सुटणाऱ्या पैशांनी भागा. समजा भाडं ४०,००० रुपये, दिवस २५ आणि डब्यामागे ४० रुपये सुटतात. म्हणजे रोजचे पहिले ४० डबे नुसत्या भाड्यात जातात. पगार, गॅस, वीज त्यानंतर.

इमारत जुनी असेल तर पुनर्विकासाची चौकशी भाडेकरूंकडेच करा. घरमालक सगळं सांगेलच असं नाही. विकासक नेमला आहे का, घरं रिकामी करण्याची बोलणी कुठवर आली? म्हाडा (राज्याची गृहनिर्माण संस्था) दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींची यादी जाहीर करते, तीही पाहा. करार ११ महिन्यांचा आणि ओटा संगमरवरी, ही चूक फार महाग पडते. स्टीलची टेबलं, सुटी शेगडी, सुटी मांडणी घ्या. उद्या उचलून नेता येईल एवढाच खर्च करा.

कागदपत्रांत अन्न नोंदणी (तिचा १४ अंकी क्रमांक दर्शनी लावायचा), गुमास्ता (दुकानाची सरकारी नोंद) आणि पालिकेचा आरोग्य परवाना लागतो. गॅसचा सिलिंडर व्यावसायिकच हवा, बहुतेकदा १९ किलोचा. घरगुती सिलिंडर धंद्यात वापरणं बेकायदा आहे.

एक किलो कणकेला साधारण ६०० ते ६५० मिली पाणी आणि दोन चमचे तेल. पीठ अर्धा तास झाकून ठेवा. चाळीस ग्रॅमचा गोळा धरला तर किलोत चाळीसेक पोळ्या होतात. पहिला आठवडा गोळे काट्यावर तोला, कारण पाच ग्रॅम वाढले की किलोमागे चार-पाच पोळ्या कमी होतात. पोळी वातड होते ती बहुतेकदा तवा पुरता न तापल्यामुळे: ती तव्यावर रेंगाळते आणि वाळते. भाजल्यावर थेट डब्यात भरू नका. वाफ कोंडून पोळी घामेजते. दोन मिनिटं जाळीवर ठेवा, मग फडकं घातलेल्या डब्यात. लाटणारी एक आणि भाजणारी एक, अशा दोघींकडून तासाला शंभरापेक्षा जास्त पोळ्या धरू नका, म्हणजे गर्दीच्या वेळेआधी किती तयार हव्यात ते कळेल.

सुकी भाजी माणशी १०० ते १२० ग्रॅम. मेथी निवडून-शिजून फार आटते, तिचा हिशेब बटाट्यासारखा करू नका. ओलं खोबरं घातलेली उसळ उकाड्यात लवकर आंबते. दुपारच्या डब्यासाठी सुकं खोबरं बरं. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहायला हवेत. काउंटरवर कोमट राहिलेली भाजी संध्याकाळी पुन्हा गरम करून विकू नका. बांधणीला वर्तमानपत्र अजिबात नको, शाई अन्नात उतरते.

संध्याकाळी सुट्या पोळ्या नगावर विका, चार मागितल्या तरी द्या. बोर्डावर ‘पोळी-भाजी’ असलं तरी इथली बरीच गिऱ्हाइकं ‘चपाती’च मागतात. श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी कांदा-लसूण नसलेली एक भाजी वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावाने करा. गणपतीच्या दहा दिवसांत लालबागचे रस्ते गर्दीने भरतात आणि टेम्पो आत येत नाही, म्हणून कणीक, तेल आणि सिलिंडर चतुर्थीच्या दोन दिवस आधीच भरून ठेवा. भाजी पहाटे हातगाडीने आणा.