खिळे, दोरा आणि एक आकडा: बहुभुजातून स्ट्रिंग आर्ट कसं शोधायचं

स्ट्रिंग आर्ट म्हटलं की बहुतेक जण तयार नमुना उतरवतात, खिळे ठोकतात, चित्रात दिसतं तसा दोरा गुंडाळतात आणि भिंतीवर लावून मोकळे होतात. छान दिसतं, प्रश्नच नाही, पण त्यातली खरी मजा तशीच राहून जाते असं मला मनापासून वाटतं. कारण यातला जवळजवळ प्रत्येक नमुना एका आकड्यावर चालतो, तो बदला की समोर दुसरंच काहीतरी उभं राहतं, आणि ते काय असेल हे आधी ओळखायचा प्रयत्न करायचा, मग करून बघायचं. हे कसं करायचं तेच सांगतोय.

आधी पेन्सिल-पट्टीनेच सुरू करा, खिळ्यांची घाई नको. कागदावर २० सेंमीचा चौरस काढा, प्रत्येक बाजूचे २-२ सेंमीचे १० भाग करा. कोपरे एकदाच मोजायचे, म्हणजे चौरसाभोवती बरोबर ४० बिंदू होतात. एका कोपऱ्याला ० द्या आणि एकाच दिशेने ३९ पर्यंत नंबर टाकत जा, कोपऱ्यांवर ०, १०, २०, ३० आलं पाहिजे, नाही आलं तर मोजताना चुकलंय, तिथेच थांबून दुरुस्त करा. नंबर टाकायचा कंटाळा करू नका. मी एकदा ६० खिळे ठोकले आणि नंबर "लक्षात राहतील" म्हणून लिहिलेच नाहीत, अर्ध्यावर एक खिळा चुकला आणि सगळा दोरा उसवून पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

आता नियम एकच, प्रत्येक बिंदूपासून १० पुढच्या बिंदूपर्यंत सरळ रेघ. ० ते १०, १ ते ११, २ ते १२, असं करत ३९ ते ४९, म्हणजे ४० वजा करून ९. सगळ्या रेघा सरळ आहेत, एकही वाकडी नाही, तरी चारही कोपऱ्यांत स्वच्छ कमानी दिसायला लागतात. कमान आपण काढलेली नाही, आपण फक्त तिच्या स्पर्शिका काढल्या आणि तिची कड डोळ्याला आपोआप दिसली. ही कमान म्हणजे पॅराबोला, आपल्या पुस्तकातला अन्वस्त. कारण साधं आहे, कोपऱ्यापासून एका बाजूवर जेवढं अंतर कमी होतं तेवढंच दुसऱ्या बाजूवर वाढतं, म्हणजे दोन अंतरांची बेरीज कायम तीच राहते, आणि अशा रेघा नेहमी अन्वस्तालाच स्पर्श करतात. कोन ९० अंशांचा नसला तरी चालतं, त्रिकोणाच्या ६० अंशांत कमान खोल आणि अरुंद येते, षटकोनाच्या १२० अंशांत पसरट, पण असतो अन्वस्तच. मध्ये जी जागा रिकामी राहते तीही नीट बघा, तो ४५ अंशांनी फिरलेला, बाजू बाहेर फुगलेला चौकोन असतो.

ही कल्पना जुनी आहे. मेरी एव्हरेस्ट बूल नावाच्या गणिताच्या शिक्षिका होत्या (१८३२ ते १९१६), मुलांनी समीकरणं शिकायच्या आधीच वक्ररेषा हाताने अनुभवावी म्हणून त्या पुठ्ठ्याला भोकं पाडून सुई-दोऱ्याने हे शिवायला देत. बूलियन बीजगणित ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते जॉर्ज बूल त्यांचे पती, आणि ज्यांच्या नावावरून एव्हरेस्ट शिखराचं नाव पडलं ते त्यांचे काका. घरी लहान मुलं असतील तर खिळ्यांपेक्षा पुठ्ठा आणि बोथट सुईच बरी. त्यात एक गोष्ट सांभाळा, समोरून लांब टाका घेतला की मागच्या बाजूने शेजारच्याच भोकात जायचं आणि तिथून परत समोर यायचं, म्हणजे मागे दोरा वाया जात नाही.

आता मुख्य गंमत. वरच्या नियमाने खिळ्यांवर दोरा गुंडाळायला गेलात की ० वरून १०, २०, ३० आणि परत ०, दोरा चार उड्यांत बंद होतो. मग शेजारच्या १ वर जायचं, तिथून ११, २१, ३१, परत १. म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात एकमेकांत गुंतलेले १० चौरस गुंडाळताय! कारण ४० आणि १० चा मसावि १०. शाळेत मसावि काढताना याचा उपयोग काय असं वाटायचं ना, तो इथे आहे, किती वेगवेगळी वेटोळी होतील ते तो आधीच सांगतो.

आता १० च्या जागी ११ घ्या. ४० आणि ११ चा मसावि १, म्हणजे ०, ११, २२, ३३, ४, १५, २६, ३७, ८, १९, ३०, १ असं करत एकच दोरा कुठेही न तोडता सगळ्या ४० खिळ्यांवरून फिरून ० वर परत येतो. शिवाय १० च्या नियमात चार रेघा चौरसाच्या बाजूंवरच पडून वाया जातात, ११ मध्ये एकही नाही. त्यामुळे फळीवर करायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, ११ च घ्या. या मापाला सुमारे ७ मीटर दोरा लागतो, गाठी आणि खिळ्यांभोवतीचे वेढे धरून ८ मीटर काढून ठेवा.

फळीचं थोडक्यात सांगतो. १२ मिमी प्लायवूड, २ सेंमी लांबीचे बारीक डोक्याचे खिळे, कागदावरचा आराखडा फळीवर चिकटपट्टीने लावून त्यावरूनच ठोकायचं, खिळा बोटांऐवजी पक्कडीत धरायचा, साधारण अर्धा आत गेला की पुरे. खिळे किंचित बाहेर झुकलेले असले तर दोरा वर सरकत नाही. कागद फाडून काढायच्या आधी नंबरांचा फोटो काढून ठेवा. दोरा न ताणला जाणारा हवा, लोकर नको, ती आधी ताणते आणि मग सैल पडते. ताण सगळीकडे सारखा ठेवा, आणि खिळ्याला वेढा नेहमी एकाच बाजूने घ्या, नाहीतर रेघा अर्धा मिमी इकडेतिकडे होतात आणि कमान खडबडीत दिसते.

यानंतर आकार बदला. त्रिकोण, पंचकोन, षटकोन, यांपैकी कुठल्याही आकाराच्या प्रत्येक बाजूचे १० भाग केले तर ११ ची उडी एका दोऱ्यातच पूर्ण होते. पण त्रिकोणाच्या बाजूचे ८ भाग केले आणि ९ ची उडी घेतली तर २४ आणि ९ चा मसावि ३, म्हणजे तीन वेगळी वेटोळी. हे वाईट नाही उलट चांगलंय, तीन रंगांचे दोरे घ्या, प्रत्येकाला एक वेटोळं. षटकोनात मात्र बाजूंवरून केलं तर दोरा कडेकडेलाच राहतो, मध्य बराच मोकळा वाटतो. तिथे मध्यापासून सहा कोपऱ्यांकडे सहा रेघा काढा, प्रत्येकीवर १० खिळे, मध्याकडून १ ते १० नंबर, आणि शेजारच्या दोन रेघांत १ ला १०, २ ला ९, ३ ला ८ असं जोडा, सहा टोकांची चांदणी येते. चौरसात हेच कर्णांवर केलं की चार टोकांची चांदणी मिळते, तिला बरेच लोक अ‍ॅस्ट्रॉइड म्हणतात पण ती अ‍ॅस्ट्रॉइड नाही. भिंतीला टेकवलेली शिडी घसरताना जी कड तयार होते ती अ‍ॅस्ट्रॉइड, तिथे शिडीची लांबी कायम असते, आपल्याकडे अंतरांची बेरीज कायम आहे, त्यामुळे आपली चांदणी कमरेत जास्त बारीक असते.

बाजू वाढवत गेलात की बहुभुज गोलाकडे सरकतो, तिथे खिळे फक्त कोपऱ्यांवर ठेवले तरी पुरतं. १२ खिळे गोलावर घ्या. २ ची उडी, दोन षटकोन. ३ ची, तीन चौरस. ४ ची, चार त्रिकोण. ५ ची, एका दोऱ्यात १२ टोकांची चांदणी. परत मसाविच. आणि उडी वाढेल तसं मधलं गोल भोक लहान होतं, १० सेंमी त्रिज्येच्या गोलात ३ च्या उडीला भोकाची त्रिज्या साधारण ७.१ सेंमी, ४ ला ५, ५ ला फक्त २.६. खिळे १३ घेतले तर आणखी छान, १३ मूळ संख्या आहे, त्यामुळे कुठलीही उडी एका दोऱ्यात पूर्ण होते. १ ची फेरी संपली की त्याच खिळ्यावरून २ ची, मग ३ ची, असं ६ पर्यंत गेलात की प्रत्येक खिळा प्रत्येक खिळ्याशी जोडला जातो, ७८ रेघा, दोरा एकदाही न तोडता आणि एकही रेघ दोनदा न घेता. खिळे सम संख्येत असतील तर हे जमतच नाही, कारण प्रत्येक खिळ्याला विषम रेघा येतात, दोरा आत आला की बाहेर जायला लागतो आणि शेवटी एक टोक अडकतं. कोनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांच्या कोड्यात (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का) गणितज्ञ ऑयलरने हेच दाखवलं होतं.

अजून एक उडी करून बघाच, ठराविक नाही, दुप्पट. गोलावर ३६ खिळे, दर १० अंशांवर एक, १ वरून २, २ वरून ४, ३ वरून ६, आणि १९ वरून ३८ म्हणजे परत २. हृदयासारखा कार्डिऑइड येतो. इथे दोरा सलग जात नाही, कागदावर पेननेच करा. १२ वरून २४ आणि २४ वरून ४८ म्हणजे पुन्हा १२, तीच रेघ दोनदा येते, घाबरू नका, चुकलेलं नाही. दुपटीऐवजी तिप्पट केलं की दोन टोकं आत वळलेला नेफ्रॉइड मिळतो, गोल कपात तिरकं ऊन पडलं की तळाशी जी चकाकती टोकदार रेघ दिसते ती त्याचाच अर्धा भाग. चौपट केलं तर तीन टोकं, पाचपट केलं तर चार.

आणि हीच दुपटीची उडी गोलाऐवजी पहिल्या चौरसाच्या ४० बिंदूंवर लावली तर काय दिसेल? ते मी सांगत नाही, कागदावर नंबर आधीच टाकलेले आहेत.